तेच मेण

मंदाताई गावंडे, आज मी जो कुणी आहे तो कुणामुळे, असं विचारलं तर मी आधी तुमचं नाव घेतो आणि मग आईबाबांचं. हे वाक्य तुम्हाला अजिबात आवडलं नसतं. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या असत्या, "झालं सुरू याचं?" पण आता तुम्ही मला थांबवू शकत नाही, म्हणून एकदाचं लिहून टाकलं.

परवा तुमची तेरवी झाली. काल संस्थेच्या सभागृहात शोकसभा झाली. तिथून आल्यावर मी दोनदा आंघोळ केली, शर्ट भिजत घातला, तरी मेणाचा वास जात नाही. तुमच्या फोटोसमोर त्यांनी मेणबत्त्या लावल्या होत्या, ताई. आपल्याच हॉलमध्ये केलेल्या.

मला आपली पहिली भेट आठवली. अमरावतीचा तो दिव्यांग साहित्य वाटप मेळावा. उन्हाचे दिवस, मांडव अर्धाच घातलेला, आणि तीनचाकी सायकली रिबिनी बांधून ओळीत उभ्या. त्यातल्या कितीतरी सायकली लोकांना आधीच घरपोच मिळाल्या होत्या. फोटोसाठी म्हणून त्या परत मागवल्या होत्या. अंजनगावचा एक माणूस आपलीच सायकल टेम्पोत घालून घेऊन आला होता, पाहुण्यांच्या हातून दुसऱ्यांदा घ्यायला. पाहुणे आलेले नव्हते. हार सुकून चालले होते. एका व्हीलचेअरचा मालकच आला नाही, तेव्हा संस्थेच्या एका कार्यकर्त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बस ना बे याच्यावर. फोटोपुरताच."

माझा उजवा हात जन्मापासून थरथरतो, चाल वाकडी आहे, आणि शब्द तोंडातून बाहेर यायला वेळ लागतो. पण मी चालतो. अचलपूरला शाळा आणि कॉलेज चालतच केलं. घरात पहिला पदवीधर मी. बाबा परतवाड्याच्या बाजारात वांगी-मेथी विकतात, त्यांनी माझ्या बी.कॉम.चे पेढे गिऱ्हाइकांना भाजीसोबत वाटले होते. असा मी, त्या खुर्चीत बसून राहिलो. आणि तुम्ही समोर येऊन उभ्या राहिल्या.

"चालता येते तुले?"

मी मान हलवली.

"मंग बसला काहून?"

"त्यांनी बसा म्हटलं."

"उद्या मर म्हणतीन, तं मरशीन? उठ."

मी उठलो. त्या गर्दीत माझ्याकडून काहीतरी अपेक्षा ठेवणारं माणूस मला पहिल्यांदा दिसलं, आणि ते चिडलेलं होतं.

तुम्ही त्या संस्थेच्याच नोकर होत्या, हे मला नंतर कळलं. शासनाचा एक प्रकल्प संस्थेला मिळाला होता. दिव्यांग माणसाला त्याच्या शिक्षणाप्रमाणे खुल्या बाजारात काम शोधून द्यायचं, सगळ्यांच्यासोबत, सगळ्यांइतक्या पगारावर, आणि सुरुवातीचे काही महिने एका माणसानं त्याच्यासोबत कामाच्या जागी बसायचं. कागदावर त्या माणसाला रोजगार सहाय्यक म्हणत. तुम्ही म्हणायच्या सोबती. त्या सोबतीचा पगार शासन देत होतं. म्हणजे पैसा होता, हेतू चांगला होता, नियमही होता. मला तेव्हा वाटायचं, एवढं असलं की पुढचं आपोआप होत असेल.

मग तुम्ही मला हॉल दाखवला.

हॉलमध्ये सगळे मेणबत्त्या करत होते. ज्याला दिसत नाही तो, ज्याला ऐकू येत नाही ती, ज्याचे पाय नाहीत तो, आणि आता थरथरत्या हाताचा मी. कुणी काय शिकलं आहे, कुणाला काय येतं, हे विचारायची पद्धत नव्हती. वितळलेलं मेण साच्यात ओतायचं काम माझ्या वाट्याला आलं. माझ्या! अजून मनगटावर डाग आहेत. या हॉलमधल्या प्रत्येकाचं नाव अहवालात 'रोजगारप्राप्त' असं जात होतं.

आणि मागच्या बाजूची ती पत्र्याची खोली. आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात पत्र्याखाली माणूस वितळतो, तिथे मेणबत्त्या ठेवायच्या, ही अक्कल कुणाची असेल? दिवाळीच्या स्टॉलवर थोड्या विकल्या जायच्या, उरलेल्या त्या खोलीत जायच्या, आणि उन्हाळ्यात सगळ्यांचा मिळून एक गोळा व्हायचा. लाल, पिवळा, निळा, सगळं मिसळून मातकट झालेला, मधूनमधून वाती बाहेर आलेल्या. जूनमध्ये तो गोळा लोखंडी सब्बलीनं फोडायचा, कढईत टाकायचा आणि नवीन बॅचचं प्रशिक्षण सुरू करायचं.

तुम्ही त्या गोळ्याला पायानं ठोसलं होतं. "पाहून घे, गजानन. तुह्या आधीच्या पोट्ट्यायनं याच्याच मेणबत्त्या केल्या. तुह्या मागून येतीन ते बी याच्याच करतीन. आधी अपंग म्हनत होते, आता दिव्यांग म्हनतात. नाव गोड ठेवलं भौ. मेण तेच हाय."

तुम्ही आधी विम्याच्या एजंट होत्या. त्यामुळे अमरावती-अकोल्याच्या दुकानांच्या पायऱ्या तुम्हाला पाठ होत्या आणि हाकलून देण्याचं तुम्हाला काही वाटत नसे. अकोल्याच्या डाळमिलमध्ये तुम्ही मला घेऊन गेल्या तो दिवस मी रोज आठवतो, कारण आजही मी त्याच दारातून आत जातो. शेठजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ड्रॉवरकडे हात नेला.

"ताई, पुण्याचं काम आहे. देणगी किती लिहू?"

"देणगी नोको. माणूस ठेवा."

"याचा तर हात हलते."

"तुमच्या मुनीमजीच्या तोंडात दिवसभर खर्रा राह्यते, फोनवर बोलता येत नाई त्याईले. ठेवलं ना?"

मुनीमजी शेजारीच बसले होते. त्यांनी खिडकीतून पिंक टाकली आणि ते हसले. शेठजी हसले नाहीत. "अन् जमलं नाही तर?"

"तं काढून टाका. बाकीच्याले काढता तसं."

तुम्ही माझी बाजू मांडायला आल्या आहात की मला काढायला, तेच कळेना. बसमध्ये परत येताना मी रुसून बसलो, तेव्हा तुम्ही शेंगदाण्याची पुडी माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "ज्याले काढता येते त्यालेच ठेवता येते, बाबू. हॉलमधून कोनाले काढलेलं पाह्यलं तू?"

सुरुवातीला तुमचं स्टूल माझ्या खुर्चीला खेटून असायचं. माझं काम वजनकाट्याच्या पावत्या कॉम्प्युटरवर चढवायचं. हात थरथरला की एक आकडा दोनदा पडायचा, आणि तुरीच्या एका गाडीत अख्ख्या गावाची तूर यायची. मुनीमजी डोक्याला हात लावायचे. मी म्हणालो, मला नाही जमत. तुम्ही बाहेर गेल्या आणि गाड्यांच्या नंबरप्लेट बनवणाऱ्या पोराला घेऊन आल्या. त्याच्याकडून ॲक्रिलिकची एक पाटी करून घेतली, कीबोर्डवर बसणारी, प्रत्येक बटणाच्या जागी भोक पाडलेली. हात आता पाटीवर टेकतो, आणि बोट भोकात गेलं तरच बटण दाबलं जातं. त्या पोरानं कौतुकानं कोपऱ्यात माझं नावही कोरून दिलं, गाडीच्या नंबरासारखं. एवढ्याशा वस्तूसाठी मी आयुष्यभर नालायक ठरणार होतो.

मग तुमचं स्टूल जरा मागे सरकलं. मग दाराशी गेलं. मग तुम्ही बाहेर कडुलिंबाखाली हमालांशी गप्पा मारत बसायला लागल्या. आणि एका दिवशी मी काहीतरी विचारायला वळलो, तर तुम्ही आल्याच नव्हत्या. मला आधी भीती वाटली. नंतर जेवायची सुटी झाली आणि लक्षात आलं की तुम्ही नाही आहात हे मी सकाळपासून विसरलो होतो. शासनाच्या पैशातून जे व्हायला पाहिजे ते एवढंच आहे, ताई. एक स्टूल जवळ येतं आणि हळूहळू दूर जातं. त्याचा फोटो निघत नाही, हीच त्याची अडचण.

आपलं भांडण मात्र मिटलं नाही. नोकरी लागल्यावर बाबा तुमच्याकडे पिशवी भरून भाजी घेऊन आले आणि तुमच्या पाया पडायला वाकले. बाबा तुमच्याहून मोठे. तुम्ही मागे सरकल्या. "भाऊ, हे काय करून राह्यले? मी सरकारचा पगार घेते या कामाचा." बाबा म्हणाले, "पगार तं सगळेच घेतात, ताई." पण भाजी तुम्ही परत पाठवली, आणि बाबा एस.टी.त ती पिशवी मांडीवर घेऊन घरी आले, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मी तुमच्याशी त्यावरून खूप भांडलो. मी म्हणालो, कृतज्ञता हा काही गुन्हा नाही. आमच्याकडे कुणी वाटीभर ताक दिलं तरी वाटी रिकामी परत पाठवत नाहीत. तुम्ही म्हणाल्या, "तुमच्या या उपकाराच्या सवयीवरच तं त्याईचं दुकान चालते. हक्काचं देतात अन् पाया पाडून घेतात." मी म्हणालो, मग मी मनातलं प्रेम ठेवू कुठे? तुम्ही म्हणाल्या, "आभाराचं पत्र पाठवलं तं न वाचता फाडून फेकीन. नोकरीची तक्रार करणारं पत्र येईन, त्या दिवशी समजीन का तुले नोकरी लागली."

मला अजूनही तुमचं पूर्ण पटलेलं नाही. तुम्ही बाबांची भाजी घ्यायला हवी होती. पण काल त्या सभेत बसल्यावर कळलं, तुम्हाला ज्याची शिसारी येत होती ती गोष्ट कोणती.

स्टेजवर मोठा फलक होता. त्यावर तुमचा फोटो, त्याच्या दुप्पट आकाराचा संस्थेच्या अध्यक्षांचा, म्हणजे भाऊसाहेबांचा, आणि खाली कोपऱ्यात मी. कीबोर्डपुढे बसलेलो. खाली लिहिलं होतं, 'संस्थेचा यशस्वी लाभार्थी'. कीबोर्डवरच्या ॲक्रिलिकच्या पाटीचा भाग कापून टाकला होता, दिसायला बरा दिसावा म्हणून. ज्या भाऊसाहेबांनी तुमच्या अकोल्याच्या बसभाड्याची बिलं अडवून ठेवली, तुम्ही आजारी पडल्यावर तुमच्या जागी कुणालाच नेमलं नाही, त्यांचा आवाज माइकवर चारदा भरून आला. मग त्यांनी डोळे पुसले आणि घोषणा केली. सोबतीचं पद आता ठेवण्यात अर्थ नाही, मंदाताईंसारखं माणूस पुन्हा मिळणार नाही. म्हणून तो निधी वळवून मिळावा असा प्रस्ताव संस्था पाठवत आहे. त्यातून हॉल मोठा करणार. नाव, मंदाताई गावंडे स्मृती मेणबत्ती प्रशिक्षण केंद्र.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, ताई. शोकसभेत.

माझ्या शेजारी वर्षाची आई बसली होती. वर्षा तुम्ही कामाला लावलेली शेवटची पोरगी. अकोल्यात औषधांच्या ठोक दुकानात ऑर्डरप्रमाणे खोकी भरते. तिला ऐकू येत नाही. हात भराभर चालतो, पण दुकानात सगळा कारभार ओरडून चालतो, आणि तुमचं स्टूल अजून तिच्या जवळच होतं. दुकानदाराला तुम्ही चिठ्ठी लिहून द्यायची सवय लावत होत्या, तेवढ्यात तुम्ही अंथरुणाला खिळल्या. दुकानदारानं साफ सांगितलं आहे, सोबती येणार असेल तर पोरगी ठेवतो, नाहीतर या महिन्यानंतर नाही. त्या सभेत कुणाचं काही जाणार होतं तर ते वर्षाचं.

सूत्रसंचालकानं माझं नाव पुकारलं. ताईंनी तुम्हाला काय दिलं ते दोन शब्दांत सांगा, म्हणाला. मी माइकपाशी गेलो. मला एवढंच म्हणायचं होतं की त्या केंद्राला ताईंचं नाव देऊ नका, तो पैसा सोबतीचा आहे. संतापलो की माझी जीभ आणखी अडते. "त्या... त्या केंद्राला..." इथपर्यंत आलो, तेवढ्यात त्यानं माइक हळूच काढून घेतला. "बघा, गजाननरावांना भावना अनावर झाल्या आहेत. आपण त्यांच्या अश्रूंचा मान राखू या."

माझ्या डोळ्यांत टिपूससुद्धा नव्हतं.

तेव्हा वर्षाची आई जागेवरच उभी राहिली. माइकची तिला गरज नाही, बाजारात भाजी विकणारी बाई आहे. "भाऊसाहेब, मंग आता माह्या पोरीसंग कोन बसन?"

भाऊसाहेबांनी मायेनं हात जोडले. "काळजी करू नका, माउली. वर्षाला आपण केंद्रात घेऊ. मेणबत्त्या करेल. सुरक्षित राहील."

"थे मेणबत्त्या कराले नाई शिकली. थे नोकरी करते," वर्षाची आई म्हणाली. लोकांनी तिला खाली बसवलं. मग दोन मिनिटं शांतता पाळली. त्या शांततेत मी तुमच्या फोटोपुढच्या मेणबत्त्या पाहत होतो. मातकट रंगाच्या. एकीच्या पोटातून दुसरीच वात बाहेर डोकावत होती. तुमच्या श्रद्धांजलीलासुद्धा त्यांना नवीन मेण मिळालं नाही.

आज सकाळी मी आणि वर्षाची आई निधी देणाऱ्या सरकारी कार्यालयात जाऊन हरकतीचा अर्ज देऊन आलो. टेबलावरचा माणूस म्हणाला, "गेलेल्या बाईच्या नावाले विरोध करता, शोभते काय तुमाले?" मी सावकाश सांगितलं. तो घड्याळाकडे पाहत राहिला, मी बोलत राहिलो. शेवटी त्यानं शिक्का मारला. पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही. फलकावरचा माझा फोटो काढा, असंही संस्थेला लिहून दिलं आहे.

तुम्ही गेल्यापासून दुपारच्या सुटीत मी वर्षाच्या दुकानात जातो आहे. तुम्ही रागावाल. मागे मी फुकट मदत करीन म्हणालो होतो, तेव्हा तुम्ही खेकसल्या होत्या, "तू फुकट केलं का थो पैसा मेणात गेलाच समज." म्हणून अर्जात मी लिहिलं आहे की हे काम पगारी माणसाचं आहे आणि माणूस नेमेपर्यंतच मी जातो. वर्षाकडून खुणा शिकतोय. हात थरथरतो, त्यामुळे माझ्या खुणा धड उमटत नाहीत. मागच्या आठवड्यात तिनं मोबाइलवर लिहून दाखवलं, 'दादा, तू हातानंही अडखळतो.' आणि पोट धरून हसली. तुम्ही असता तर दुकानदारासकट सगळ्यांना हसवलं असतं.

ताईंनी काय दिलं, हे मला माइकवर सांगता आलं नाही. म्हणून अर्जासोबत तुम्हाला पाठवलेलं पत्र जोडलं आहे. कॉम्प्युटरवर लिहिलं होतं, त्यामुळे प्रत माझ्याकडे होती. ते मिळाल्यावर तुम्ही फोन करून फक्त एवढंच म्हणाल्या होत्या, "आता लागली तुले नोकरी," आणि पाठोपाठ, "बाबाले म्हन, मेथी पाठवा." मेथी पोचेपर्यंत तुम्ही दवाखान्यात होत्या. ती खाल्ली का, हे विचारायचं राहून गेलं.

ते पत्र असं होतं.

ती. मंदाताईंना नमस्कार.

तुमच्या सूचनेप्रमाणे आभार मानत नाही. तक्रार करतो.

इथे दुपारी सगळ्यांना चहा येतो. सगळ्यांचा कप भरलेला असतो, माझा अर्धा. माझ्या अंगावर सांडू नये म्हणून मुनीमजींनीच चहावाल्याला तसं सांगून ठेवलं होतं. ते भले माणूस आहेत, म्हणून मी काही बोललो नाही आणि बरेच दिवस अर्धाच पीत राहिलो. काल मला चहाची फार तलफ आली होती. मी मुनीमजींना म्हणालो, मला पूर्ण पाहिजे. सांगायला वेळ लागला, पण त्यांनी ऐकून घेतलं.

कप भरून आला आणि सांडला. थोडा शर्टवर, बाकीचा तुरीच्या पावत्यांवर. शेठजी सगळ्यांसमोर ओरडले, "डोळे फुटले काय बे? पावत्या काय तुझा बाप वाळवणार?" मुनीमजी म्हणाले, "शेठजी, त्याचा हात..." शेठजी म्हणाले, "हात गेला खड्ड्यात. कागद बाजूला ठेवाले काय झालं होतं?"

कागदाचं शेठजी म्हणाले ते बरोबर आहे. पण त्यांनी बाबांना मध्ये आणायला नको होतं. हे मी आज त्यांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "बरं. जा, काट्यावर गाडी आली आहे."

आज चहा भरून आला. सांडला नाही असं नाही. पावत्या मी आधीच बाजूला ठेवल्या होत्या.

आपला,
गजानन